दोरीचं दुसरं टोक

पाणी प्यायला पेला घेतला की धाकटी सून आधी तो खिडकीच्या उजेडासमोर धरायची. काठावर कुणाच्या ओठांचा पुसटसा ठसा दिसला, की पेला परत घासायला. मग हात धुवायची, मग पुन्हा पेला. माहेरी बहिणी तिला चिडवायच्या, की हिच्यासाठी नवरा सीलबंद आणावा लागेल. लहानपणी वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या फुंकल्या की तो केक ती खायची नाही. सगळ्यांनी त्यावर थुंकी उडवली, असं स्पष्ट सांगायची आणि आईचा धपाटा खायची.

अशा बाईच्या वाट्याला माकडांची लाळ पिळायची नोकरी यावी, ही नशिबाने केलेली जरा अतीच थट्टा होती.

झालं ते असं. लग्नानंतर बरीच वर्षं ती एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरी धुवायची. ते हॉटेल बंद पडलं. गावाबाहेर जुन्या कौलांच्या कारखान्यापलीकडे माकडांचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तिथे झगे आणि पंचे धुवायला बाई हवी, असं कळलं आणि ती लागली. माकडांशी तिचा संबंध नव्हता. माकडं आवाराच्या जाळीपलीकडे, ती साबणाच्या फेसात. एकदा तिथल्या संशोधक बाईंनी तिला एक जाडजूड पंचा पिळताना पाहिलं. पंच्यातून शेवटचा थेंबसुद्धा निघेपर्यंत ती सोडत नव्हती. बाईंनी विचारलं, पिळायचंच दुसरं काम आहे, बसून करायचं, पगारही थोडा जास्त, करशील का? बसून म्हटल्यावर धाकटी लगेच हो म्हणाली. काय पिळायचं ते विचारायला हवं होतं, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

आवारात लाल तोंडाच्या माकडिणींचा कळप होता. जाळीच्या भिंतीत जागोजागी छोट्या खिडक्या होत्या. बोटाएवढ्या जाड सुती दोरीचं टोक जॅममध्ये बुडवायचं आणि खिडकीतून आत सोडायचं. दुसरं टोक आपल्या हातात. माकडीण येते, गोडाच्या आशेने दोरी चघळते, चव संपली की थुंकते. मग दोरी बाहेर ओढायची, ओलं टोक कात्रीने कापायचं, बिनसुईच्या मोठ्या सिरिंजमध्ये कोंबायचं आणि वरून दट्ट्या दाबायचा. खाली नळीत लाळ जमा होते.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात ती लाळ पाण्यासारखी पडत नाही. तिची तार निघते. तार लांबत जाते, हलते, तुटता तुटत नाही. तिच्यात जॅमचं साल असतं, कधी केस, कधी चावलेल्या दाण्याचा पिवळट चोथा. आणि वास. कुजक्या फळाचा, ओल्या कुत्र्याचा आणि वर थोडा जॅमचा. पहिल्या दिवशी धाकटी दोनदा मोरीत जाऊन ओकून आली. संशोधक बाईंनी लिंबाची गोळी पुढे केली आणि म्हणाल्या, सवय होईल. धाकटीने गोळी घेतली, पण आधी तिचा कागद धुतला.

सवय काही झाली नाही. लोक उगीच म्हणतात. हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, श्वास धरून ती रोज ते काम चोख करायची आणि रोज तिच्या पोटात ढवळायचं. फरक इतकाच पडला, की ओकायची थांबली.

बाईंचा अभ्यास म्हाताऱ्या माकडिणींचा होता. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. कोण आधी खाणार, कोण कुठे बसणार, कोण कुणाला पाहून उठणार. तरुणपणी सगळा कळप जिच्या धाकात असतो, ती म्हातारी झाली, तिला कुणी भिईनासं झालं, म्हणजे तिच्या जिवावर किती ताण येतो, हे बाईंना पाहायचं होतं. तो ताण लाळेत उतरतो आणि यंत्रात मोजता येतो.

त्यांच्यातल्या एकीला झाडलोट करणाऱ्यांनी आत्याबाई हे नाव ठेवलं होतं. नाव शोभायचं. एके काळी आत्याबाईने नुसती भुवई उचलली तर उन्हातला सगळ्यात चांगला कठडा रिकामा व्हायचा. आता तिला पोरीसोरीसुद्धा ढकलून पुढे जायच्या. ती दोरी दातांत धरायची आणि तशीच बसायची. चघळायची नाही, सोडायचीही नाही. धाकटी खिडकीशी उभी राहून तिच्याकडे टक लावून बघायची आणि मनात म्हणायची, चाव ना बये, मला घरी जायचंय.

एक दिवस बाईंनी तिला खांद्याला धरून बाजूला वळवलं.

"अशी रोखून बघू नकोस. माकडाला ते मूठ उगारल्यासारखं वाटतं. कडेला तोंड करून बस. भिंतीकडे बघ. दोरी मात्र सोडू नकोस."

"मग कळणार कसं, चघळते का ते?"

"हाताला कळतं. आणि हा आरसा घे."

धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली. समोर छोटा आरसा. बराच वेळ काहीच नाही. मग दोरीला एक हलका झटका. थांबून दुसरा. मग लय धरून, ओढ, सैल, ओढ, सैल. गळाला मासा लागावा तसं हाताला कळत होतं. शेवटी आत्याबाईने पच्चकन दोरी थुंकली, ती नेमकी खिडकीतून धाकटीच्या चपलेवर. त्यानंतरही ती नेहमी चपलेवरच थुंकायची. धाकटीला त्यात अपमान वाटायचा आणि तो बरोबरच होता.

घरी या नोकरीचं स्वागत झालं नाही. नवरा कुलपं दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला कायम गंज आणि तेलाचा वास, त्यामुळे तो फार बोलायचा नाही. बोलायच्या त्या सासूबाई. त्यांनी आयुष्यभर बटणं आणि दोऱ्याची रिळं विकायचं छोटं दुकान चालवलं होतं आणि गिऱ्हाइकाच्या कॉलरवरून त्याचं घर ओळखायच्या. 'शी' हा शब्द त्यांच्या बोलण्यात स्वल्पविरामासारखा यायचा. शेजारणीच्या पायपुसण्याला छोटी शी, बसमधल्या खोकणाऱ्या माणसाला मध्यम शी, आणि धाकटीच्या नव्या कामाला इतकी लांब शी, की थोरली सून बोळातलं शिवणयंत्र थांबवून आत आली.

"माकडाची थुंकी," सासूबाई म्हणाल्या. "आणि त्याच हातांनी माझा चहा."

"हातमोजे असतात, आई."

"मोज्याच्या आत हातच असतात ना?"

त्या दिवसापासून धाकटीचा कप वेगळा झाला. निळ्या दांडीचा कप, खिडकीच्या फळीवर, इतर भांड्यांपासून दूर. सासूबाई तिला माकडीण म्हणू लागल्या. रागाने नाही, पत्ता सांगावा तशा. माकडीण आली का कामावरून? धाकटीला वाईट वाटायचं, पण कपाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर आयुष्यात पहिल्यांदा तिला असा कप मिळाला होता, ज्याला दुसरं कुणी ओठ लावणार नव्हतं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही.

मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. दुपारी. त्या चोरून जॅम खात होत्या. साखर कमी करा म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पण दुपारी सगळे आडवे झाले की त्या बरणीत चमचा घालायच्या, हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि सगळं घर न कळल्यासारखं करायचं. थोरलीला चमचा पडल्याचा आवाज आला.

दवाखान्यातून परत आणलं तेव्हा उजवी बाजू लुळी होती, बोलणं गेलं होतं आणि नाकात नळी होती. तोंड घट्ट मिटलेलं. दात दातावर. उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची, हनुवटीवरून मानेच्या घडीत जायची आणि तिथे सुकून आंबूस वास यायचा. थोरली दिवसभर त्यांचं सगळं करायची. चादरी, भांडं, कूस बदलणं. शिवणाचं काम पडून राहायचं, गिऱ्हाइकं दारातून बोल लावून जायची. संध्याकाळी धाकटी आली, की तोंड पुसणं तिच्याकडे. ती श्वास धरून पुसायची. सासूबाई डोळे मिटून घ्यायच्या. पुसून घेणारीला पुसणारीपेक्षा जास्त किळस येत होती.

गिळायचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांचं म्हणणं असं, की घशात गिळायची ताकद आहे, पण जबडा चालायला हवा. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. पुढच्या खेपेपर्यंत तोंड हललं नाही, तर पोटातून कायमची नळी घालावी लागेल.

त्या गेल्यावर घरात बोलणी झाली. पोटात नळी घातलेलं माणूस आपल्याला सांभाळता येणार नाही, शुश्रूषागृहात ठेवू, असं थोरलीने सुचवलं. धाकटीच्या नवऱ्याने मान डोलावली. परगावी असलेल्या थोरल्या दिरांनी फोनवरून होकार दिला. हे सगळं सासूबाईंच्या खाटेपाशी उभं राहून चाललं होतं, जणू खाटेवर कुणी नव्हतंच. बोलता बोलता थोरलीने गळ्यातली मोजपट्टी काढली आणि खिडकीखालची भिंत मोजली. तिथे शिवणयंत्र बसेल का, ते ती बघत होती. हात आपसूक गेला असेल. दिवसभर कपडे मोजणाऱ्या बाईचा हात. पण धाकटीला त्या क्षणी जी शिसारी आली, तशी लाळेच्या तारेनेही कधी आली नव्हती.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मोजपट्टीवर होते.

धाकटीला फणी आठवली. सासूबाईंची बहीण अशाच एका शुश्रूषागृहात गेली होती. तिला भेटून आल्यावर सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. तिथे सगळ्या म्हाताऱ्यांचे केस एकाच फणीने विंचरतात, म्हणाल्या. एकीचे झाले की तशीच दुसरीच्या डोक्यात. शी. त्या वेळी धाकटीनेही जेवण बाजूला सारलं होतं. घरात तेवढ्या एका बाबतीत दोघींचं जमलं होतं.

रात्री ती नवऱ्याला म्हणाली, की एक उपाय करून बघते. काय, ते सांगितल्यावर तो उठून बसला.

दुसऱ्या दिवशी तिने कोरी सुती दोरी आणली, स्वयंपाकघरातल्या पातेल्यात उकळली आणि टोक जॅममध्ये बुडवलं. त्या पातेल्यात आता कुणी काय शिजवायचं, असं थोरलीने विचारलं. सगळे खाटेभोवती उभे राहिले. धाकटीने दोरीचं टोक सासूबाईंच्या ओठांना लावलं. ओठ घट्ट. ती आणखी वाकली. सगळ्यांचे डोळे त्या मिटलेल्या तोंडावर. जॅम हनुवटीवरून ओघळला, लाळेत मिसळला आणि गळ्यात उतरला. धाकटीला उमासा आला, तिने तोंड फिरवलं. सासूबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

"बास झालं," नवरा म्हणाला. "माझ्या आईला तू माकड केलंस."

"आधी मला माकडीण म्हटलं तेव्हा गप्प होतात," धाकटी म्हणाली.

थोरलीने दोरी उचलली, दोन बोटांत, टोकाला धरून, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग डबाच बाहेर ठेवून आली.

पुढचे काही दिवस धाकटी कामावर जायची, दोऱ्या पिळायची. एका सकाळी आत्याबाई कठड्यावरून ढकलली गेली आणि धापा टाकत खिडकीशी आली. तिने दोरी दातांत घट्ट धरली. मागे तरुण माकडिणी टक लावून उभ्या. धाकटीने सवयीने तोंड भिंतीकडे फिरवलं. आणि भिंतीकडे बघता बघता तिला आपली चूक कळली. खाटेभोवतीचे ते सगळे डोळे. आणि त्यात सगळ्यात पुढे, नाकाशी नाक लावून, ती स्वतः. जे माकडाला करायचं नाही म्हणून तिला शिकवलं होतं, ते तिने सासूला केलं होतं.

त्या दिवशी ती लवकर सुट्टी घेऊन निघाली. व्यायामवाल्या बाई उद्या येणार होत्या. थोरली शिवलेले कपडे पोचवायला जायच्या तयारीत होती. तू थांबतेस तर मी जाऊन येते, म्हणाली आणि जिना उतरली. नवरा दुकानात. दुपारची वेळ, चोरून जॅम खायची.

धाकटीने हात धुतले. पुन्हा धुतले. सासूबाईंना उशा लावून ताठ बसवलं. कपाटाचं आरशाचं दार असं उघडलं, की त्यात खाट दिसावी. येताना आणलेली नवी दोरी उकळून घेतली. तिने टोक जॅममध्ये बुडवलं, सासूबाईंच्या डाव्या हाताच्या मुठीत दिलं, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि खाटेच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून बसली. घरी हातमोजे नव्हते.

भिंतीवर एका जुन्या खिळ्याचं भोक होतं. ती त्याच्याकडे बघत बसली. चाव ना, असं मनातसुद्धा म्हणाली नाही. जॅमचा एक ओघळ दोरीवरून घरंगळत आला आणि तिच्या मनगटावर थांबला. तिने तो पुसला नाही. पुसायला हलावं लागलं असतं.

बराच वेळ गेला. मग आरशात मूठ वर जाताना दिसली. हळू, थांबत. टोक ओठांशी गेलं आणि तिथेच राहिलं. धाकटीने आरशातूनही नजर काढली.

दोरीला झटका बसला.

इतका हलका, की दुसऱ्या कुणाला तो खाटेचा हादरा वाटला असता. मग दुसरा. मग ओढ, सैल, ओढ, सैल. आणि आवाज. चपचप, ओला, बेंगरूळ आवाज, जो ऐकला की धाकटी पंगतीतून उठून जायची. लाळ दोरीवरून झिरपत आली, तिच्या मनगटाशी पोचली, बाहीत शिरली. कोमट होती. तिने दात आवळले, खिळ्याच्या भोकाकडे बघितलं आणि मनगट हलू दिलं नाही. आरशात बघितलं तेव्हा सासूबाईंचा गळा एकदा वर जाऊन खाली आला. गिळलं होतं.

मग पच्चकन आवाज झाला आणि चघळलेली दोरी येऊन तिच्या मांडीवर पडली.

"शी," सासूबाई म्हणाल्या.

शब्द फाटका होता, पण लांबी नेहमीची होती. धाकटी वळली. सासूबाईंचं अर्धं तोंड वाकडं झालेलं, हनुवटीला जॅम, दातांत दोरीचा धागा, आणि चेहऱ्यावर बटणाच्या दुकानातली ती जुनी, गिऱ्हाइकाला पारखणारी नापसंती. धाकटीला आधी ओकारी आली की हसू, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. ती मोरीत पळाली. तिथून तिचा आवाज येत होता. जिना चढून आलेली थोरली घाबरून आत धावली. तिने आधी मोरीत बघितलं, मग खाटेकडे. सासूबाईंनी डावी मूठ तिच्यासमोर उघडून दाखवली. चिकट झालेली बोटं. पुसून दे, असा अर्थ.

दुसऱ्या दिवशी व्यायामवाल्या बाईंनी जबडा तपासला, पाण्याचा चमचा दिला, मानेला हात लावून गिळणं पाहिलं. पोटातल्या नळीचं राहू द्या, म्हणाल्या. दोरीचं कळल्यावर मात्र त्यांनी धाकटीला चांगलंच फैलावर घेतलं. धागा घशात अडकला असता म्हणजे? यासाठी स्वच्छ गॉझच्या पुरचुंडीत फळाचा तुकडा बांधतात, आणि तिचं टोक आपल्याच हातात ठेवतात, रुग्णाच्या नाही. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. बोलणी खरी होती.

शिवणयंत्र बोळातच राहिलं. थोरलीने भिंतीचा विषय पुन्हा काढला नाही. काही दिवसांनी तिने सासूबाईंसाठी गळ्याशी लावायची लाळेरी शिवून दिली. बटणं लावून. शिवताना ती धाकटीला म्हणाली, "मी ती भिंत मोजली ना, ते त्यांनी बघितलं होतं. मला माहितीये." धाकटीने तिला सुईत दोरा ओवून दिला.

आत्याबाई त्या वर्षी थंडीत गेली. संशोधक बाईंच्या अभ्यासात तिच्या नळ्या राहिल्या. धाकटी अजून तिथेच पिळायचं काम करते. किळस गेलेली नाही.

सासूबाई अजून खाटेवरच आहेत. बोलणं थोडंच आलं, आणि जे आलं त्यात तो एक शब्द सगळ्यात स्वच्छ. निळ्या दांडीचा कप फळीवरच आहे. नवऱ्याने एकदा तो उचलून इतर भांड्यांत लावला. धाकटीने मुकाट्याने परत जागेवर ठेवला.

संध्याकाळी ती कामावरून येते, हात धुते आणि मऊ केलेल्या फळाची वाटी घेऊन खाटेशी बसते. सासूबाई तिचा हात नाकाशी ओढून हुंगतात. कपाळाला आठी पडते. धाकटी उठते, पुन्हा साबण लावून धुते, येऊन पुन्हा हात पुढे करते. पुन्हा हुंगणं. मग ती चमचा भरते, पुढे धरते आणि तोंड भिंतीकडे फिरवते.

"शी," सासूबाई म्हणतात, आणि तोंड उघडतात.